पासष्ट ग्रॅम नुसतं जगायला

दीड किलो वजनाची पांढरी लेगहॉर्न कोंबडी पिंजऱ्यात, पंचवीस अंश तापमानात, दिवसाला साधारण १०५ ग्रॅम खाद्य खाते आणि सरासरी ५० ग्रॅम अंडं देते. पोल्ट्रीवाला शेकड्यामागे खाद्याचा खर्च काढतो तेव्हा हे सगळे १०५ ग्रॅम अंड्याच्या नावावर टाकतो, आणि धंद्याच्या हिशोबाला ते बरोबरही आहे. कोंबडीचा हिशोब मात्र निराळा. किलोमागे २६०० किलोकॅलरी देणारं खाद्य धरलं तर त्यातले जेमतेम ४० ग्रॅम अंड्याच्या वाट्याला येतात. उरलेले ६५ ग्रॅम नुसतं जिवंत राहण्यात जातात: अंगाची ४१ अंशांची ऊब राखणं, काळीज आणि फुप्फुसं चालवणं, झिजलेली प्रथिनं पुन्हा बांधणं, उभं राहणं, चोच मारणं. अंडं दिलं नाही तरी एवढं लागतंच. पशुआहारशास्त्रात याला निर्वाह-ऊर्जा म्हणतात.

अंड्याच्या उत्पादनखर्चात खाद्याचा वाटा ६५ ते ७५ टक्के. त्यातला साठ टक्क्यांवर भाग निर्वाहात जात असेल, तर अंड्याच्या एकूण खर्चातले रुपयाला चाळीस पैसे कोंबडी नुसती उभी राहण्यात घालवते. महाराष्ट्राच्या पशुसंवर्धन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये रोज सुमारे एक कोटी अंड्यांचा तुटवडा असल्याचं सांगितलं होतं. तो शेजारच्या राज्यांतून भरून निघतो. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना लागणारं वळसंग हे कर्नाटकाच्या सीमेजवळचं, उन्हाळ्यात भाजून निघणारं गाव. त्या पट्ट्यात लेअरचं शेड टाकणाऱ्याला हे ६५ ग्रॅम कोणी, कुठे, कोणत्या हवेत मोजले हे विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. कारण आकडा कंपनीच्या पुस्तिकेतून त्याच्यापर्यंत पोचतो, त्यामागची हवा पोचत नाही.

ऊर्जा थेट दिसत नाही, दिसते ती उष्णता. कोंबडीने पचवून अंगी लावलेली ऊर्जा एकतर अंड्यात जाते, अंगावर चढते, नाहीतर उष्णता होऊन बाहेर पडते. चौथी वाट नाही. १७८२-८३च्या हिवाळ्यात लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी गिनीपिगला बर्फाने वेढलेल्या पात्रात ठेवलं आणि किती बर्फ वितळला त्यावरून त्याची उष्णता काढली, तेव्हापासून हीच कल्पना चालत आली आहे. आता बर्फाऐवजी हवा मोजतात. हवाबंद खोलीत कोंबडी ठेवायची, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेतला ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड मोजायचा. नेदरलंड्सच्या रोमायन आणि लॉकहोर्स्ट यांनी कोंबड्यांसाठी दिलेलं सूत्र आजही वापरलं जातं: खर्चलेल्या ऑक्सिजनच्या दर लिटरला १६.२ किलोज्यूल आणि सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या दर लिटरला ५ किलोज्यूल. वरच्या आपल्या कोंबडीच्या पोटात २७२ किलोकॅलरी गेल्या, अंड्याच्या वाट्यातल्या ८० प्रत्यक्ष अंड्यात उतरल्या (बाकीच्या ते घडवताना उष्णता होऊन गेल्या), म्हणजे एकूण १९२ उष्णता झाल्या. त्यासाठी ती दिवसाला चाळीस लिटरच्या आतबाहेर ऑक्सिजन घेते. या १९२ किलोकॅलरी म्हणजे सव्वानऊ वॉट. दहा हजार पक्ष्यांचं शेड धरा: नव्वद किलोवॉटहून जास्त. एक किलोवॉटचे नव्वद हीटर शेडमध्ये अहोरात्र चालू आहेत, आणि बाहेर वैशाख आहे.

खोलीतल्या मोजणीत एक मेख आहे. निर्वाह म्हणजे काय हे खोली सांगत नाही, एकूण उष्णता सांगते. म्हणून कोंबडीला दोन दिवस उपाशी ठेवून मोजतात. पण उपाशी कोंबडी स्वतःची चरबी आणि प्रथिनं जाळते, खाणारी कोंबडी धान्य जाळते, आणि खाणं पचवायलाही उष्णता खर्ची पडते. शिवाय लेअर कोंबडी उपाशी ठेवली तरी पोटात तयार असलेलं अंडं घालतेच. उपवासातला आकडा कार्यक्षमतेने भागून निर्वाहापर्यंत यावं लागतं, आणि ती कार्यक्षमता पुन्हा दुसऱ्या कोणत्या तरी प्रयोगातून उसनी आणायची. उजेडाचंही तसंच: अंधारात कोंबडीची उष्णता दिवसापेक्षा सुमारे पाव हिश्शाने कमी असते. म्हणजे खोलीत दिवा किती तास होता हा प्रश्न किरकोळ नाही. आपल्या लेअर शेडमध्ये सोळा तास उजेड असतो.

दुसरी पद्धत जास्त प्रामाणिक आणि जास्त क्रूर. एकसारख्या कोंबड्यांचे गट करायचे. एक गट सुरुवातीलाच मारून, वाळवून, दळून बॉम्ब कॅलरीमापकात जाळायचा. बाकीच्यांना कमी-जास्त प्रमाणात खाद्य देऊन काही आठवड्यांनी त्यांचंही तेच करायचं. खाल्लेली ऊर्जा आडव्या अक्षावर, साठवलेली उभ्या अक्षावर. रेषा जिथे शून्य साठवणुकीला छेदते तो निर्वाहाचा बिंदू. अमेरिकेत टेक्सासच्या फ्रॅप्स यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच मार्गाने खाद्यांचं ऊर्जामूल्य काढायचा खटाटोप केला. ब्राझीलच्या जाबोतिकाबालमध्ये निल्वा साकोमुरा यांच्या गटाने ब्रॉयलर, ब्रीडर आणि लेअर या तिन्हींसाठी ही पद्धत वेगवेगळ्या तापमानांत चालवली, आणि उष्ण देशात बसून केलेलं काम म्हणून ते आपल्या कामाचं आहे. पण इथेही रेषा शून्यापर्यंत ओढावी लागते, आणि शून्याजवळच्या, म्हणजे अर्धपोटी ठेवलेल्या कोंबड्या हालचाल कमी करतात, अंडं थांबवतात. जी कोंबडी मोजायची होती ती तोवर दुसरीच झालेली असते.

तिसरी पद्धत सगळ्यांत स्वस्त, म्हणून सगळ्यांत जास्त वापरलेली. काही मारायचं नाही, कोंडायचं नाही. पुष्कळ कोंबड्यांची खाद्य, वजन, वजनवाढ आणि अंडी यांची नोंद ठेवायची आणि कोणत्या गोष्टीला किती लागतं ते गणिताने वेगळं करायचं. टी. सी. बायर्ली यांनी १९४१ मध्ये अमेरिकेत ही वाट घालून दिली. ब्रिटनमध्ये जेरी एमन्स यांनी १९७४ मध्ये तिला तापमान जोडलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या १९९४ च्या कुक्कुट-आहार पुस्तकात याच घराण्यातलं समीकरण आहे, आणि आपल्याकडच्या पशुवैद्यक महाविद्यालयांतही विद्यार्थी तेच शिकतात.

सूत्रांकडे वळण्याआधी खाद्याच्या बाजूचं एक वाक्य. निर्वाह किलोकॅलरीत सांगायचा तर खाद्यात किती किलोकॅलरी कोंबडीच्या कामाच्या आहेत हे आधी ठरलं पाहिजे. कॉर्नेलच्या हिल आणि अँडरसन यांनी १९५८ मध्ये दाखवलं की खाल्लेल्या ऊर्जेतून विष्ठेतली ऊर्जा वजा करून येणारी चयापचयी ऊर्जा ही फ्रॅप्स यांच्या मापापेक्षा कितीतरी स्थिर उत्तर देते. पुढे कॅनडात सिबाल्ड यांनी १९७६ मध्ये उपाशी कोंबड्याला नळीने ठरावीक खाद्य भरवून खरी चयापचयी ऊर्जा काढायची झटपट रीत आणली. मक्याला किलोमागे सुमारे ३३५० आणि कमी टॅनिनच्या ज्वारीला ३२०० ते ३३०० हे आकडे अशा प्रयोगांतून आलेले आहेत. सोलापूर जिल्ह्यातल्याच मोहोळ केंद्राने दिलेली मालदांडी ३५-१ पांढऱ्या दाण्याची, रब्बीची ज्वारी. मका महागला की ती खाद्यात घालायला ऊर्जेच्या बाजूने काहीच हरकत नाही, फक्त बलक फिका पडतो. तिचा भाव ठरतो तो माणसांच्या भाकरीवर, हा भाग वेगळा.

आता सूत्रं शेजारी मांडू. मला वाटतं या सगळ्या प्रश्नातली सगळ्यांत बोलकी गोष्ट इथेच आहे, आणि पाठ्यपुस्तकं ती एका पानावर आणत नाहीत.

अमेरिकन परिषदेचं सूत्र म्हणतं: १७३ मधून तापमानाची १.९५ पट वजा करा, उत्तराला चयापचयी वजनाने गुणा. वजनवाढीच्या दर ग्रॅमला ५.५ आणि अंड्याच्या दर ग्रॅमला २.०७ किलोकॅलरी मिळवा. चयापचयी वजन म्हणजे वजनाचा ०.७५ घात. मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये लहानमोठ्या जनावरांची उष्णता मांडून काढलेला हा घात. एमन्स घाताच्या भानगडीत पडत नाहीत: पांढऱ्या कोंबडीसाठी सरळ वजन गुणिले १७० वजा तापमानाची २.२ पट, अंड्याला ग्रॅममागे २. साकोमुरा यांचं लेअरचं सूत्र पुन्हा घाताचं: १६५.७४ वजा तापमानाची २.३७ पट, पण अंड्याच्या ग्रॅमला २.४०.

दीड किलोची कोंबडी, पंचवीस अंश, ५० ग्रॅम अंडं, वजन स्थिर. अमेरिकन सूत्राने निर्वाह १६८ आणि अंडं १०४, एकूण २७२. एमन्स यांच्या सूत्राने निर्वाह १७३ आणि अंडं १००, एकूण पुन्हा २७३ च्या घरात. साकोमुरा यांच्या सूत्राने निर्वाह १४४ आणि अंडं १२०, एकूण २६४. म्हणजे दिवसाची एकूण गरज तिघांची तीन-चार टक्क्यांच्या आत जुळते. निर्वाहाचा आकडा मात्र १४४ ते १७३ असा वीस टक्के हलतो. एकूण खाल्लेलं तराजूने मोजलेलं आहे, त्यात फार चुकायला जागा नाही. वाटणी ही मोजलेली नाही, काढलेली आहे. एका सूत्राने अंड्याच्या नावावर जास्त टाकलं की निर्वाह आपोआप कमी होतो.

याचा व्यवहारातला अर्थ असा: एका सूत्रातला निर्वाह उचलून दुसऱ्या सूत्रातल्या अंड्याला जोडू नये. सल्लागारांच्या तक्त्यांत ही खिचडी मी पाहिली आहे. आणि अंडी घालणं कमी झालेल्या, म्हाताऱ्या लॉटची गरज काढताना कोणतं सूत्र घेतलं यावर उत्तर बदलतं, कारण तिथे अंड्याचा भाग लहान आणि निर्वाहाचा मोठा असतो. क्लायबर यांचा घात उंदरापासून बैलापर्यंत खरा असेल, तो १.४ किलोच्या आणि २ किलोच्या कोंबडीतला फरक सांगायला कितपत लायक आहे याबद्दल मला शंका आहे. एमन्स यांनी तपकिरी कोंबड्यांसाठी किलोमागचा आकडा पांढऱ्यांपेक्षा बराच खाली ठेवला, तो उगाच नाही.

तापमानाकडे येऊ, कारण वळसंगचा प्रश्न तिथे आहे.

तिन्ही सूत्रांत तापमान सरळ रेषेत वजा होतं. ती रेषा ओढत नेली तर अमेरिकन सूत्राप्रमाणे ८९ अंशांना कोंबडीचा निर्वाह शून्य होतो आणि एमन्सच्या सूत्राप्रमाणे ७७ अंशांनाच. ही थट्टा झाली, पण थट्टेत मुद्दा आहे. थंडीत कोंबडी अंग गरम ठेवायला खाद्य जाळते, हवा तापली की ते जाळणं वाचतं, इथवर रेषा खरी. कोंबडीचं अंग मात्र ४१ अंशांचं आहे. उष्णता अंगातून हवेत वाहते ती हवा थंड आहे म्हणून. हवा पस्तीसला गेली की उतार सहा अंशांचा उरतो. सोलापुरात एप्रिल-मेची दुपार चाळीस ओलांडते तेव्हा तो जवळजवळ संपतो, आणि बेचाळीसला हवाच कोंबडीला तापवू लागते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. धापा टाकून पाणी उडवणं हीच मुख्य वाट, ग्रॅमभर पाणी उडालं की सुमारे ०.५८ किलोकॅलरी बाहेर. धापा टाकायलाही स्नायू लागतात. त्यामुळे एका टप्प्यानंतर निर्वाह कमी होण्याऐवजी वाढायला लागतो आणि त्याच वेळी कोंबडी खाणं टाकते, कारण प्रत्येक घासाबरोबर पचनाची उष्णता येते. गरज वर, खाणं खाली.

इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाच्या मार्सडेन आणि मॉरिस यांनी १९८७ मध्ये तोवरचे प्रयोग एकत्र करून दाखवलं की खाण्याचा आलेख सरळ नाही, वाकडा आहे. हवा अंगाच्या तापमानाजवळ येऊ लागली की तो कोसळतो. निर्वाह भागवून अंड्यासाठी उरणारी ऊर्जा त्यांच्या हिशोबाने २३-२४ अंशांच्या आसपास सर्वांत जास्त. यात एक गोष्ट लक्षात ठेवायची: हे बहुतेक प्रयोग अहोरात्र एकच तापमान ठेवलेल्या खोल्यांतले. वळसंगच्या उघड्या बाजूंच्या शेडमध्ये असं तापमान वर्षातून एक दिवसही नसतं. मेमध्ये दुपारी चाळीस, पहाटे पंचवीस. सरासरी काढली तर साडेबत्तीस-तेहेतीस, आणि तेवढ्यावर सूत्र चालवलं तर निर्वाह १६८ वरून १४९ वर येतो. कोंबडी मात्र सरासरीत जगत नाही. दुपारी ती उपाशी धापा टाकते आणि पहाटे भरून काढते. जाणकार पोल्ट्रीवाले उन्हाळ्यात पहाटे आणि सांज झाल्यावर खाद्य टाकतात, दुपारी गव्हाण रिकामी ठेवतात. छपरावर पाचट, फॉगर, ओलं गोणपाट हे सगळं त्या दुपारच्या पाच-सहा तासांसाठी. रात्र गार असेल तर दुपार सोसता येते. रात्रीही शेड तिशीखाली उतरलं नाही तर मरतूक सुरू होते.

पिसांचं तापमानाशी नातं आहे आणि ते सूत्रात कुठेच नाही. पिंजऱ्यातल्या कोंबडीची मान, पोट, पाठ वय वाढेल तशी उघडी पडते. थंड देशांत अशा कोंबड्यांचं खाद्य ठळकपणे वाढतं. टुलेट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये कोंबड्यांची पिसं अर्धवट काढून वाढलेली उष्णता मोजली होती. आपल्याकडे डिसेंबरच्या पंधरा अंशांच्या रात्री उघडी कोंबडी तोट्याची, मेमध्ये तीच फायद्याची. इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने उघड्या मानेच्या देशी कोंबडीपासून हितकारी आणि कुरळ्या पिसांच्या कोंबडीपासून उपकारी तयार केली ती याच हिशोबाने. पिंजऱ्याबाहेर, जमिनीवर ठेवलेल्या पक्ष्याला चालण्याफिरण्यासाठी आणखी काही टक्के लागतात, मोकळ्या रानात त्याहून जास्त. परसातल्या कोंबडीला लेअरचा तक्ता लावू नये.

आणि पक्ष्यापक्ष्यांत फरक असतो. सारख्या वजनाच्या, सारखी अंडी देणाऱ्या दोन कोंबड्या सारखं खात नाहीत. फ्रान्समध्ये बोर्दास आणि मेरा यांनी ऱ्होड आयलंड रेड कोंबड्यांतून पिढ्यान् पिढ्या जास्त खाणाऱ्या आणि कमी खाणाऱ्या अशा दोन ओळी वेगळ्या काढल्या. जास्त खाणाऱ्या ओळीतल्या पक्ष्यांचे चोचीखाली लोंबणारे गलोल मोठे निघाले. जास्तीचं खाद्य उष्णता होऊन जात होतं आणि ती बाहेर टाकायला अंगाने सोय करून घेतली होती. आज आपल्या शेडमधली पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजची बीव्ही-३०० अंगाने लहान आणि खायला बेताची आहे, त्यात निवडीचा मोठा भाग निर्वाह घटवण्याचाच आहे. १९७४ चं सूत्र १९७४ च्या कोंबडीचं होतं.

इतकं सगळं डळमळीत असेल तर आकडा हवा कशाला? खाद्य वाचवायला, असं बहुतेकांना वाटतं. माझ्या मते त्याचा खरा उपयोग दुसरा आहे. कोंबडी मुख्यतः ऊर्जेपुरतं खाते. ती किती खाईल हे कळलं तर बाकीचं किती घट्ट करायचं ते कळतं. १७ टक्के प्रथिनांचं खाद्य १०५ ग्रॅम खाल्लं तर जवळजवळ १७.९ ग्रॅम प्रथिन मिळतं. उन्हाळ्यात तीच कोंबडी ९५ ग्रॅमवर आली तर १६.२. जुनं प्रमाण राखायचं तर खाद्यात १८.८ टक्के प्रथिनं हवीत, अमिनो आम्लं आणि कॅल्शियम त्याच मापाने. एका कवचात दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम जातं, आणि धापांबरोबर कार्बन डायऑक्साइड उडाल्यामुळे कवच आधीच पातळ होत असतं. मेमध्ये फुटकी अंडी वाढली की शिंपला वाढवतात ते ठीक, पण खाणं किती घटलं हे तोलल्याशिवाय किती वाढवायचा हे कळत नाही.

शेडमध्ये मोजणं अवघड नाही. कोंबड्यांनी खाल्लेलं खाद्य, अंड्यांचं वजन (नग नव्हे), दर आठवड्याला त्याच काही पिंजऱ्यांतल्या पक्ष्यांचं वजन आणि पक्ष्याच्या उंचीवर टांगलेल्या तापमापकाचे दिवसाचे दोन आकडे. खाल्लेल्या ऊर्जेतून अंड्याचे आणि वजनवाढीचे वजा केले की उरतो तो निर्वाह. समजा मेमध्ये खाणं ८८ ग्रॅम, म्हणजे २२९ किलोकॅलरी. अंडं सरासरी ४४ ग्रॅम, त्याचे ९१. पक्षी रोज दोन ग्रॅम उतरतो आहे, म्हणजे अंगातून ११ आले. निर्वाह १४९. वजन केलंच नसतं तर १३८ आला असता आणि कोंबडीला उन्हाळा मानवतो असा उलटा निष्कर्ष निघाला असता. गव्हाणीतून रोज तीन ग्रॅम खाली सांडत असेल तर तेवढ्यानेच आठ किलोकॅलरींची चूक होते, तेव्हा आधी गव्हाणीची कड पाहावी.

एकाच बॅचवर ही नोंद ठेवली तर एक घोळ होतो. जुलैत अंड्यावर आलेली तलंग डिसेंबरात ऐन भरात असते आणि मेमध्ये साठ आठवड्यांपुढची, पिसं झडलेली. थंडी आणि तारुण्य एकीकडे, ऊन आणि वय दुसरीकडे. मेमधली घट उन्हाची की वयाची हे वेगळं करता येत नाही. वळसंगच्या पट्ट्यातली दोन शेडं सहा महिन्यांच्या अंतराने भरत असतील आणि दोघांनी एकाच पद्धतीची वही ठेवली, तर एकाच मेमध्ये तरुण आणि उतारवयाचा पक्षी शेजारी शेजारी सापडतो, आणि वाटणी गणितावर न सोडता थेट पाहता येते.